जावामधल्या ‘इंट’ आणि जेनेरिक लिस्टचं भांडण ज्याच्या घरातून निघालं, तो हॅरो शाळेचा मास्तर

मे महिना होता. अलिबागजवळ नागावला मामाच्या वाडीत आंबे उतरवायचं काम चालू होतं. सगळं घर कामाला लागलेलं आणि माझा मामेभाऊ मात्र ओटीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन तोंड पाडून बसलेला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी जावाचं सबमिशन होतं.

प्रोग्रॅम तसा साधाच. कुठल्या कलमाला किती आंबे लागले, ते आकडे एका यादीत भरायचे. त्याने यादीसाठी ‘अ‍ॅरेलिस्ट’ घेतली आणि आत ‘इंट’ म्हणजे साधे पूर्णांक भरायचे असं लिहिलं. कम्प्युटरने एरर दिला. ‘इंट’ खोडून ‘इंटिजर’ लिहिलं, तर चाललं. का चाललं, ते त्याला सांगता येईना. तसंच लिहायचं असतं, एवढंच त्याला माहीत होतं.

पुढे तर आणखी गंमत झाली. दोन कलमांना १००-१०० आंबे लागले होते. यादीतले ते दोन आकडे सारखे आहेत का, असं दोन बरोबरची चिन्हं (==) टाकून विचारलं, तर उत्तर आलं हो. आणखी दोन कलमांना ३००-३०० आंबे होते. तिथे उत्तर आलं नाही.

१०० बरोबर १००, पण ३०० बरोबर ३०० नाही!

पोरगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. त्याने तिथल्या तिथे निष्कर्ष काढला, की इंग्रजी पुस्तकातलं आपल्यालाच काहीतरी कळलेलं नाही.

मी मास कॉमवाली. मला कोड लिहिता येत नाही, पण गोष्ट कुठून सुरू झाली हे शोधायची खोड आहे. ती शोधत गेले आणि एका माणसापाशी पोहोचले. हा माणूस वारला १९७५ साली. जावा जगासमोर आली १९९५ साली. म्हणजे त्याने जावाचं तोंडही पाहिलं नाही. तरी या भांडणातल्या दोन्ही बाजू त्याच्याच घरातल्या निघाल्या.

त्याचं नाव क्रिस्टोफर स्ट्रेची.

आधी भांडण काय आहे ते समजून घेऊ.

समजा, तुम्हाला मुंबईच्या नातेवाइकांना एसटीच्या पार्सलने आंबे पाठवायचे आहेत. तुम्ही खिडकीवर सुटा आंबा नेऊन ठेवलात तर तो कुणी घेणार नाही. आंबा पेटीत भरायचा, पेटी बांधायची, वर नाव घालायचं, मग ती गाडीत चढते. पेटीत हापूस आहे की पायरी, याच्याशी गाडीला देणंघेणं नसतं. ती फक्त पेट्या नेते.

जावामधली जेनेरिक कलेक्शन्स म्हणजे ही गाडी. अ‍ॅरेलिस्ट घ्या किंवा हॅशमॅप, त्या कुठल्याही प्रकारची वस्तू ठेवून घेतात, पण ती ‘ऑब्जेक्ट’ असली पाहिजे, म्हणजे पेटीत भरलेली असली पाहिजे. ‘इंट’, ‘डबल’, ‘कॅर’, ‘बूलियन’ हे सगळे सुटे आंबे. त्यांना म्हणतात प्रिमिटिव्ह टाइप. जावात असे ८ प्रकार आहेत आणि प्रत्येकासाठी एकेक पेटी तयार ठेवलेली आहे. ‘इंट’ची पेटी म्हणजे ‘इंटिजर’, ‘डबल’ची पेटी म्हणजे मोठ्या अक्षराने सुरू होणारा ‘डबल’. या पेट्यांना रॅपर क्लास म्हणतात. २००४ पासून जावा ही भराभर आपली आपण करते. त्याला ऑटोबॉक्सिंग हे नाव आहे.

हे सगळं असं का, याचं उत्तर स्ट्रेचीच्या गोष्टीत आहे. ती गोष्ट सुरू होते आपल्याच देशात.

आजोबा दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष

१८७६ ते ७८ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. सोलापूर, पुणे, नगर भागात माणसं आणि जनावरं तडफडून मेली. पुढे इंग्रज सरकारने दुष्काळ आयोग नेमला. १८८० साली त्या आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळी कामांचे नियम ठरत गेले. या आयोगाचे अध्यक्ष होते सर रिचर्ड स्ट्रेची. ते बंगाल इंजिनिअर्समधले लष्करी अधिकारी. हिंदुस्थानातली बांधकामं, कालवे आणि रेल्वे यांच्यात त्यांची हयात गेली.

त्यांचा मुलगा ऑलिव्हर. तोही काही काळ हिंदुस्थानात ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीत होता. नंतर तो इंग्लंडला परतला आणि शत्रूचे गुप्त संदेश फोडायच्या कामाला लागला. दोन्ही महायुद्धांत त्याने हेच काम केलं. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन हेरखात्याचे संदेश फोडणारा एक विभाग त्याच्या हाताखाली होता.

ऑलिव्हरची बायको रे स्ट्रेची. केंब्रिजला गणित शिकलेली ही बाई इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत पुढे होती. त्या चळवळीचा इतिहास तिने १९२८ साली पुस्तकरूपाने लिहिला. काका लिटन स्ट्रेची नावाजलेला चरित्रकार. दुसरा काका जेम्स याने फ्रॉइडचं लेखन इंग्रजीत आणलं.

अशा घरात १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टोफरचा जन्म झाला.

आता तुम्ही म्हणाल, अशा घरातला पोरगा म्हणजे पहिल्यापासून पहिला नंबर. तसं काही झालं नाही.

पदवीला जेमतेम, नोकरी मास्तरकीची

शाळेत तो हुशार होता, पण मार्कांत ती हुशारी सगळीकडे दिसायची नाही. १९३५ साली तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. अ‍ॅलन ट्युरिंग तेव्हा तिथेच होता आणि दोघांची ओळख झाली. तिसऱ्या वर्षात क्रिस्टोफरचं मन पार कोलमडलं. त्याला अभ्यास सोडून काही काळ दूर राहावं लागलं. परत येऊन त्याने परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गाच्या खालच्या श्रेणीत पास झाला. संशोधनाची दारं अशा निकालावर उघडत नाहीत.

युद्धाच्या काळात त्याने एका टेलिफोन कंपनीत रडारला लागणाऱ्या व्हॉल्व्हच्या गणिताचं काम केलं. तिथे डिफरन्शियल अ‍ॅनालायझर नावाच्या यंत्राशी त्याचा संबंध आला आणि आकडेमोड यंत्राकडून करून घेता येते, हे त्याच्या मनात बसलं.

युद्ध संपल्यावर तो शाळामास्तर झाला. आधी कँटरबरीच्या एका शाळेत आणि १९४९ पासून हॅरो शाळेत. पंडित नेहरू शिकले तीच ही हॅरो. म्हणजे वयाच्या पस्तिशीला येऊनही स्ट्रेचीच्या नावावर ना पीएचडी, ना एखादा गाजलेला शोधनिबंध.

आणि मग १९५१ चा जानेवारी उजाडला.

सुट्टीत शिकलेला कोड

एका मित्राच्या ओळखीने स्ट्रेचीला लंडनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतलं ‘पायलट एस’ हे यंत्र पाहायला मिळालं. जगात तेव्हा हातावर मोजण्याइतकेच कम्प्युटर होते. मास्तर घरी परतला आणि शाळा सांभाळून फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहायला बसला. कसला? ड्राफ्ट्सचा, म्हणजे सोंगट्यांचा खेळ खेळणारा.

त्या यंत्राच्या स्मृतीत तो प्रोग्रॅम मावेना. मग त्याला कळलं, की मँचेस्टरला फेरांटी कंपनीचा मोठा कम्प्युटर आलाय आणि तिथे ट्युरिंग आहे. त्याने त्या यंत्राची माहितीपुस्तिका मिळवली आणि त्यासाठी भलामोठा प्रोग्रॅम लिहून नेला. तो चालून संपला, तेव्हा यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटनच्या राष्ट्रगीताची धून वाजली. १९५१ च्या शेवटी बीबीसीने या यंत्राचं संगीत ध्वनिमुद्रित केलं आणि ते मुद्रण आजही ऐकायला मिळतं.

१९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा ड्राफ्ट्सचा प्रोग्रॅम अख्खा डाव खेळायला लागला. त्याच वर्षी त्याने यंत्राला प्रेमपत्रंही लिहायला लावली. शब्दांच्या याद्या, वाक्यांचे दोन-तीन साचे आणि त्यात चिठ्ठ्या उचलल्यासारखे शब्द भरायचे. पत्राखाली सही यंत्राची.

हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. साचा एक, आत भरायचा माल वेगवेगळा, ही कल्पना लक्षात ठेवा. पुढे तीच कामाला येणार आहे.

जून १९५२ मध्ये त्याने मास्तरकी सोडली आणि नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेत गेला. तिथून तो कॅनडात टोरोंटोला सेंट लॉरेन्स नदीवरच्या जलमार्गाचं किचकट गणित कम्प्युटरवर बसवायला गेला. परत आल्यावर त्याने फेरांटीच्या ‘पेगॅसस’ कम्प्युटरच्या रचनेत हात घातला. यंत्र बांधणाऱ्याची सोय पाहण्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची सोय पाहा, हा त्याचा आग्रह होता. १९५९ साली एकाच मोठ्या यंत्रात अनेक कामं वाटून कशी चालवायची, यावर त्याने पॅरिसच्या परिषदेत निबंध वाचला. त्याच वर्षी नोकरी सोडून तो स्वतंत्र सल्लागार झाला.

पोटापाण्याचं काम सल्ल्याचं, पण डोक्यात एकच प्रश्न होता. प्रोग्रॅममध्ये आपण जे लिहितो, त्याचा नेमका अर्थ काय?

पहिली शाखा : सीपीएलपासून ‘इंट’पर्यंत

१९६२ साली स्ट्रेची केंब्रिजला गेला. तिथे केंब्रिज आणि लंडन विद्यापीठांनी मिळून एक नवी प्रोग्रॅमिंग भाषा करायला घेतली होती. तिचं नाव सीपीएल. त्यात स्ट्रेचीचा हात इतका मोठा होता, की नावातला ‘सी’ क्रिस्टोफरचा, अशी थट्टा चालायची.

सीपीएल फार मोठी झाली आणि पूर्णपणे कधी यंत्रावर उतरलीच नाही. पण तिथल्याच मार्टिन रिचर्ड्सने तिची छाटून बारकी भाषा केली, बीसीपीएल. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने तिच्यापासून ‘बी’ केली. आणि १९७२ च्या सुमारास डेनिस रिचीने ‘बी’पासून केली ‘सी’.

या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट घडली. बीसीपीएल आणि ‘बी’मध्ये टाइप नव्हतेच. सगळं म्हणजे यंत्राचा एक शब्द. ‘सी’मध्ये टाइप परत आले, आणि ते आले यंत्राच्या मापाने. यंत्रात एका बाइटचं अक्षर मावतं, म्हणून ‘कॅर’. यंत्राला एका दमात अमुक मोठा पूर्णांक हाताळता येतो, म्हणून ‘इंट’. सुटा आंबा तो हाच.

जावा आली तेव्हा तिने ‘सी’ची लिहिण्याची पद्धत उचलली आणि वेगासाठी ‘इंट’ही ठेवला. ही झाली एक शाखा.

दुसरी शाखा : कोपनहेगनची झेरॉक्स

१९६५-६६ मध्ये ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप उभा राहिला आणि स्ट्रेची त्याचा पहिला प्रमुख झाला. ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनला कम्प्युटर प्रोग्रॅमिंगचा एक उन्हाळी वर्ग भरला. तिथे त्याने प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूळ संकल्पनांवर व्याख्यानं दिली आणि नंतर त्यांची टिपणं लिहून काढली.

ही टिपणं छापायचं ठरलं होतं. छापली गेलीच नाहीत. स्ट्रेची लिहायला काटेकोर आणि छापायला नाखूश. मग त्या टिपणांच्या प्रती काढल्या गेल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. इंजिनिअरिंगच्या पोरांना सिनिअरच्या नोट्सची झेरॉक्स कशी फिरते ते सांगायला नको. ही टिपणं तशीच ३० वर्षांहून जास्त फिरली आणि २००० साली, म्हणजे लेखक जाऊन २५ वर्षं झाल्यावर, एका नियतकालिकात रीतसर छापून आली.

त्यात दोन गोष्टी होत्या, ज्या नागावच्या ओटीवर आमच्या उपयोगी पडल्या.

पहिली. बेरजेचं चिन्ह घ्या. ते पूर्णांकांनाही चालतं आणि दशांश अपूर्णांकांनाही. वरून चिन्ह एकच, पण यंत्राच्या आत दोन अगदी वेगळी कामं होतात. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी तजवीज करावी लागते. याला स्ट्रेचीने नाव दिलं ‘अ‍ॅड हॉक पॉलिमॉर्फिझम’.

आता यादी घ्या. यादीतल्या प्रत्येक घटकावर एकेक करून तीच क्रिया करायची आहे. घटक आकडे असोत, नावं असोत, आणखी काही असो, यादीवरून पुढे सरकायची रीत एकच. प्रकार बदलला तरी साचा बदलत नाही. याला त्याने नाव दिलं ‘पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम’. आज जावा आणि सी शार्पमध्ये ज्याला जेनेरिक्स म्हणतात, ते हेच. प्रेमपत्राचा साचा आठवला ना?

दुसरी गोष्ट एल-व्हॅल्यू आणि आर-व्हॅल्यूची. प्रोग्रॅममध्ये बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव लिहिलं, की आपल्याला जागा हवी असते, काहीतरी ठेवायची जागा. उजवीकडे तेच नाव लिहिलं, की आपल्याला त्या जागेतला ऐवज हवा असतो. लिहायला शब्द एकच, पण अर्थ दोन. एक पेटीचा आणि एक पेटीतल्या मालाचा. हे शब्द सीपीएलच्या कामातून आले आणि स्ट्रेचीच्या टिपणांतून जगभर गेले.

आता १०० आणि ३०० च्या घोळाकडे परत या. यादीत आकडे नव्हते, पेट्या होत्या. दोन पेट्यांमध्ये == टाकलं, की जावा माल मोजत नाही, ही तीच पेटी आहे का एवढंच पाहते. १०० साठी दोन्हीकडे एकच पेटी आली, कारण उणे १२८ ते १२७ या नेहमी लागणाऱ्या आकड्यांच्या पेट्या जावा आधीच करून ठेवते आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरते. ३०० त्या हद्दीबाहेरचा, म्हणून दोन वेगळ्या पेट्या झाल्या. माल सारखा, पेट्या दोन. मालाची तुलना करायची असेल तर ‘इक्वल्स’ वापरावं लागतं.

मामेभावाचं काही चुकलं नव्हतं. जो फरक स्पष्ट दिसावा म्हणून स्ट्रेचीने दोन वेगळे शब्द रुळवले, तो फरक जावाने ऑटोबॉक्सिंगच्या पडद्याआड झाकला आहे, इतकंच.

दोन शाखा भेटल्या, पण जमलं नाही

स्ट्रेचीला १९६९ मध्ये डेना स्कॉट हा तर्कशास्त्रज्ञ भेटला. प्रोग्रॅमचा अर्थ गणितात कसा मांडायचा, याचा भक्कम पाया दोघांनी मिळून घातला. १९७१ मध्ये ऑक्सफर्डने स्ट्रेचीला प्राध्यापक केलं. दुसऱ्या वर्गात पास झालेला हा माणूस ऑक्सफर्डचा कम्प्युटेशनचा पहिला प्राध्यापक झाला. निव्वळ सिद्धांत किंवा निव्वळ यंत्रावरची हमाली, असे दोन कप्पे करायला त्याचा ठाम विरोध होता. दोन्ही एकाच माणसाला आलं पाहिजे, असं तो धरून चालायचा.

रॉबर्ट मिल्न या विद्यार्थ्याबरोबर त्याने केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी एक प्रचंड निबंध लिहिला. तो हातावेगळा झाल्यावर त्याला कावीळ झाली. बरं वाटतंय असं दिसत असतानाच दुखणं उलटलं आणि १८ मे १९७५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी तो गेला. त्या निबंधाचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं.

त्याची पॅरामेट्रिक कल्पना मात्र चालत राहिली. फ्रान्समध्ये जिरार्डने आणि अमेरिकेत रेनॉल्ड्सने, एकमेकांना न सांगता, तिचं गणित मांडलं. रॉबिन मिल्नरने एमएल या भाषेत ती प्रत्यक्ष वापरात आणली. १९८३ ते ८७ या काळात स्ट्रेचीने उभ्या केलेल्या ऑक्सफर्डच्या त्याच ग्रुपमध्ये फिलिप वॉडलर नावाचा संशोधक होता. पुढे वॉडलर आणि मार्टिन ओडर्स्की यांनी इतरांबरोबर जावासाठी जेनेरिक्सची रचना केली. २००४ साली ती जावात आली.

म्हणजे बघा. सीपीएलच्या वंशातून ‘इंट’ आला आणि कोपनहेगनच्या टिपणांच्या वंशातून जेनेरिक लिस्ट आली. दोन्हींचं मूळपुरुषाचं घर एकच. २००४ मध्ये एकाच छपराखाली आले आणि भाऊबंदकी सुरू झाली.

का? तर २००४ पर्यंत जावात लिहिलेला अफाट कोड जगभर चालू होता. १९९८ पासूनच्या जुन्या याद्या फक्त ऑब्जेक्ट ठेवून घ्यायच्या. जुना कोड मोडायचा नाही, हे जावाने ठरवलं. त्यामुळे जेनेरिक्सची तपासणी फक्त कंपाइल करताना होते. नंतर प्रकाराची ही माहिती पुसली जाते आणि आत उरते तीच जुनी, पेट्या नेणारी यादी. याला टाइप इरेजर म्हणतात. ‘इंट’ ऑब्जेक्ट नाही, म्हणून त्याला त्या गाडीत जागा नाही.

सी शार्पने दुसरी वाट धरली. केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी खालचं इंजिनच बदललं. २००५ पासून तिथे इंटची यादी थेट करता येते, पेटी लागत नाही. म्हणजे स्ट्रेचीच्या कल्पनेत खोट नव्हती. जुन्या गाड्या बंद पडू द्यायच्या नाहीत, या निर्णयाची ती किंमत आहे.

किंमत किती?

एक ‘इंट’ ४ बाइटचा असतो. एक ‘इंटिजर’ पेटी आजच्या नेहमीच्या ६४-बिट जावात साधारण १६ बाइट घेते, वर ती कुठे आहे हे सांगणारा पत्ता साधारण ४ बाइटचा. म्हणजे जवळपास पाचपट. आंब्याच्या २५ कलमांना याने काही फरक पडत नाही. १० लाख आकडे असले तर ४० लाख बाइटच्या जागी २ कोटी बाइट लागतात, शिवाय प्रत्येक आकड्यासाठी पेटी शोधून उघडायचा वेळ वेगळा.

दुसरा धोका रिकाम्या जागेचा. सुट्या ‘इंट’मध्ये काही ना काही आकडा असतोच. ‘इंटिजर’च्या जागी मात्र पेटीच नसू शकते, म्हणजे ‘नल’. नसलेल्या पेटीतून आकडा काढायला गेलात, की प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो.

तिसरा घोळ यादीतून काढून टाकण्याचा. ‘रिमूव्ह’ला सुटा ५ दिला, तर यादीतला ५ हा आकडा जात नाही, ५ क्रमांकाच्या जागेवरचा घटक जातो. आणि मोजणी शून्यापासून, म्हणजे प्रत्यक्षात सहावा. पेटीतला ५ दिला, तर ५ हा आकडा शोधून काढला जातो.

म्हणून साधा हिशेब असा. यादी छोटी असेल, आकडे कमी-जास्त होत असतील, तर खुशाल इंटिजरची अ‍ॅरेलिस्ट वापरा, फक्त तुलनेला ‘इक्वल्स’ लिहा. आकडे लाखांत असतील आणि किती आहेत ते आधी ठाऊक असेल, तर इंटचा साधा अ‍ॅरे बरा. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून बेरीज-सरासरीसारख्या कामांना ‘इंटस्ट्रीम’ आहे, तिथे पेट्या लागत नाहीत. भाऊबंदकी मुळातूनच मिटवायचा ‘व्हॅलहाला’ नावाचा प्रकल्पही २०१४ पासून जावात हाती घेतलेला आहे.

त्या रात्री मामेभावाने == च्या जागी ‘इक्वल्स’ लिहिलं आणि ३०० बरोबर ३०० झालं. तोंडी परीक्षेत ‘इंट का चालत नाही’ हा प्रश्न आला तर काय सांगशील, असं मी त्याला विचारलं. तो काही न बोलता अंगणात गेला, पेंढ्यावरचा एक सुटा आंबा उचलला, शेजारी बांधून ठेवलेल्या पेटीवर ठेवला आणि हसला.

मग मामाने हाक मारली. सकाळच्या गाडीला जायच्या पेट्यांवर नावं घालायची राहिली होती.